गोव्यात गिटार घडवून घेताना: मागणीपासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

गोव्यात हातघडणीची अकूस्टिक गिटार करून घ्यायची तर आधी कॅलेंडर बघावं लागतं. पणजीला वर्षाकाठी साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. याच काळात हवेतली आर्द्रता 85-90 टक्क्यांवर मुक्काम ठोकून असते. गिटारची वरची फळी असते जेमतेम पावणेतीन मिलिमीटर जाडीची. या हवेत ती फुगते, हलते, उचलली जाते. म्हणून लाकूड कधी निवडायचं, पेटी (गिटारचं पोकळ अंग) कधी बंद करायची, पॉलिश कधी मारायचं, हे सगळं पावसाच्या आधी आणि नंतर कसं बसतं ते पाहून ठरवायचं. माझी मागणी सप्टेंबर 2023 मध्ये नोंदवली, गिटार हातात आली मे 2024 च्या मध्यावर, आणि ती खऱ्या अर्थानं मार्गी लागली ऑक्टोबरात, पहिला पावसाळा काढल्यावर. या काळात काय विचारलं गेलं, काय विचारायला हवं, पैसे कुठे गेले आणि पावसात काय काय होतं, ते इथे क्रमानं लिहितो आहे. पहिल्यांदाच गिटार घडवून घेणाऱ्याला यातलं बरंचसं कुणी आधी सांगत नाही.

कारागीर उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातला, एकट्यानं काम करणारा. गावात सगळे त्याला मेस्त म्हणतात, मीही तेच म्हणतो. पहिल्या भेटीत त्यानं लाकूड दाखवलंच नाही. आधी हातातली जुनी गिटार वाजवायला लावली आणि प्रश्न सुरू केले. बसून वाजवता की उभं राहून? पिक की बोटं? नखं वाढवता का? कुठल्या जाडीच्या तारा लावता? कापो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) कितव्या फ्रेटपर्यंत, म्हणजे मानेवरच्या पडद्यापर्यंत जातो? सूर बदलून लावता का, आणि कुठले? शेवटी त्यानं माझे तळवे उलटसुलट करून पाहिले. “हातांना घाम किती येतो, बाब? खरं सांगा, पॉलिश त्यावर ठरतं.”

कुठल्याही कारागिराकडे जाताना या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून न्यावीत. सोबत आपली सवयीची गिटार न्यावी आणि तिची तीन मापं घेऊन ठेवावीत: नटपाशी (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) मानेची रुंदी, बाराव्या फ्रेटवर सहाव्या (सर्वांत जाड) आणि पहिल्या (सर्वांत बारीक) तारेची उंची, आणि नटपासून सॅडलपर्यंतची (पेटीवर तारा टेकतात ते हाड) लांबी. “मान थोडी बारीक हवी” या वाक्यावरून काहीच ठरत नाही. “सध्या 43 मिलिमीटर आहे, बोटं एकमेकांवर येतात” यावरून ठरतं.

माझं वाजवणं मुख्यतः साथीचं. भावगीत, नाट्यपद, भजन, चतुर्थीच्या दिवसांत घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरत्यांनंतर होणाऱ्या घरगुती बैठका. बोटांनी वाजवतो, पिक क्वचित. इथे गायक पट्टी सांगतात ती पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत, त्यामुळे कापो हा माझ्या हाताचा भागच आहे. काळी एक आली की कापो पहिल्या फ्रेटवर आणि हात C कॉर्डच्या आकारात, किंवा चौथ्यावर आणि A च्या आकारात. काळी चार असेल तर पहिल्यावर G चा आकार किंवा चौथ्यावर E चा. काळी तीनला दुसऱ्यावर E, नाहीतर चौथ्यावर D. काळी पाचला तिसऱ्यावर G. म्हणजे चौथ्या-पाचव्या फ्रेटपर्यंत कापो कायम चढलेला. अशा वाजवण्यात नटपाशी सूर बरोबर असून भागत नाही. कापोच्या पुढेही प्रत्येक फ्रेटवर सूर नेमका हवा. मेस्तानं हे लगेच टिपून घेतलं आणि कापोखाली तारा फार दाबल्या जाऊन सूर चढू नयेत म्हणून बुटके, मध्यम रुंदीचे फ्रेट सुचवले.

दुसरी सवय आधारसुराची. अभंगाला किंवा संथ पदाला मी तारा रे-ला-रे-सोल-ला-रे अशा लावतो. पांढरी दोन सा धरली तर याच तारा सा-प-सा-म-प-सा होतात आणि मोकळ्या तारा तानपुऱ्यासारख्या गुंजत राहतात. सहावी, दुसरी आणि पहिली तार यात उतरवलेली असते, ताण कमी होतो, तार ढिली होऊन फ्रेटवर खरखरते. हे आधी सांगितलं तर कारागीर सहाव्या तारेखाली पाव मिलिमीटर जागा जास्त ठेवतो. नंतर सांगितलं तर नवं हाड घासावं लागतं.

या सगळ्यातून आकार ठरला ओएम. मार्टिन कंपनीनं 1929 मध्ये बाजारात आणलेला हा घाट. खालच्या बाजूला रुंदी 381 मिलिमीटर, ड्रेडनॉट या मोठ्या पेटीच्या गिटारपेक्षा कमी आणि खोलीलाही उथळ. ड्रेडनॉटचा खर्ज मोठा असतो, तो पिकच्या ठोक्याला शोभतो. पण पेटी आणि तबल्याबरोबर तोच खर्ज गढूळ होतो. साथीसाठी गिटार घेणाऱ्यांनी नुसत्या मोठ्या आवाजावर भुलू नये, असं माझं ठाम मत आहे. नटपासून सॅडलपर्यंत 645 मिलिमीटर, नटची रुंदी 44.5, सॅडलवर तारांचं एकूण अंतर 57, मान पेटीला चौदाव्या फ्रेटवर जोडलेली.

मानेच्या जोडाबद्दल स्वतःहून विचारावं. दोन प्रकार असतात: गोंदानं कायम बसवलेली डव्हटेल आणि बोल्टनं आवळलेली. तारांच्या ताणानं वर्षानुवर्षांत पेटीचा आकार किंचित बदलतो, तारा उंच होतात आणि एक दिवस मानेचा कोन नव्यानं बसवावा लागतो. डव्हटेल असेल तर वाफ सोडून जोड उकलावा लागतो. बोल्टची मान तासाभरात सुटते. दमट हवेत हा दिवस लवकर येऊ शकतो, म्हणून गोव्यासाठी बोल्टचीच मान. आवाजात पडणारा फरक कानाला कळण्याइतका मला तरी कधी वाटला नाही. मानेत दोन्ही बाजूंना वळणारा ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी सळई) आणि त्याच्या दोहो बाजूंना कार्बन फायबरच्या पट्ट्या घालून घेतल्या. पट्ट्यांचा खर्च किरकोळ, फायदा कायमचा.

लाकडाची निवड ऑक्टोबरात झाली. वरची फळी सिटका स्प्रूस, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं झाड. मागची फळी आणि बाजू आपल्या शिसवीच्या. मान महोगनीची, बोटांची पट्टी पुन्हा शिसवीची, नट आणि सॅडल हाडाचं. 1960 च्या दशकाअखेर ब्राझीलनं आपल्या रोझवूडच्या ओंडक्यांची निर्यात थांबवली आणि जगभरचे गिटारवाले सह्याद्रीच्या शिसवीकडे वळले. आपल्याकडे कपाटं-पलंगांना वापरलेलं हे लाकूड आज जगातल्या नामांकित गिटारच्या पाठीला असतं. फळी बघताना टोकाकडून बघावी. वर्षवलयांच्या रेषा फळीच्या पृष्ठाला काटकोनात उभ्या हव्यात. तिरक्या रेषांची फळी दमट हवेत जास्त फुगते आणि वाकतेही. स्प्रूसची फळी एका कोपऱ्याजवळ चिमटीत धरून मध्यावर बोटाच्या पेरानं ठोकावी: चांगली फळी घंटेसारखी घुमत राहते, पाणी राहिलेली फळी ठक् करून थांबते.

इथे कागदपत्रांचा विषय आला, आणि तो लाकूड कापण्याआधीच निकालात काढायला हवा. शिसव ज्या डाल्बर्जिया वंशात मोडते तो ब्राझिलियन रोझवूड सोडून सगळा वंश 2 जानेवारी 2017 पासून सायटिस (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला. त्यामुळे काही काळ वादकांना गिटार परदेशी पाठवताना परवान्याची धास्ती असे. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यं, त्यांचे तयार भाग आणि पूरक वस्तू यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूडला मात्र ही सूट नाही; ते 1992 पासून पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणून बिलावर नुसतं “रोझवूड” लिहून घेऊ नये. “भारतीय शिसव, डाल्बर्जिया लॅटिफोलिया” असं पूर्ण नाव, बाकी प्रत्येक लाकडाचं नाव, गिटारचा अनुक्रमांक, “नट व सॅडल गुरांच्या हाडाचं” असा स्पष्ट उल्लेख, तारीख आणि सही, एवढं बिलावर हवंच. हस्तिदंत आणि हाड दिसायला जवळचे, विमानतळावरचा अधिकारी काही तज्ज्ञ नसतो. शिंपल्याचं जडावकाम मी टाळलं ते याच कारणानं. ध्वनिछिद्राभोवतीची नक्षी लाकडाच्याच पातळ पट्ट्यांची आहे. गोव्याच्या वादकांना हा प्रश्न नवा नाही. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लागायचं. वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण दिल्यावर बकऱ्याचं कातडं आलं, आणि त्याच घुमटाला 2019 मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली.

किंमत ठरली 1,40,000 रुपये. 40 टक्के आगाऊ, 30 टक्के पेटी बंद झाल्यावर, 30 टक्के हातात घेताना. कडक केसचे 14,000 वेगळे. करार म्हणजे एका पानाचा कागद, पण त्यात दोन ओळी मी आग्रहानं घालायला लावल्या. एक, पेटी बंद करण्याआधी आतून पाहायला मिळेल. दोन, पहिल्या पावसाळ्यानंतरची जुळणी, म्हणजे मानेचा बाक, तारांची उंची, फ्रेटची टोकं हे सारं याच किमतीत होईल. दुसरी ओळ फार महत्त्वाची. चांगला कारागीर तिला हरकत घेत नाही, कारण ती वेळ येणार हे त्यालाही ठाऊक असतं.

नोव्हेंबर ते जानेवारी पेटीचं काम. मेस्ताच्या शेडमध्ये एक बंद खोली आहे, तिथे आर्द्रता शोषणारं यंत्र सतत चालू आणि भिंतीवर दोन आर्द्रतामापक. काटा 45 ते 50 टक्क्यांत ठेवतो. गोव्यात वाजणारी गिटार गोव्याच्याच हवेत का जोडायची नाही, असं कुणालाही वाटेल. उत्तर लाकडातल्या पाण्यात आहे. हवेत 45 टक्के आर्द्रता असताना लाकडात वजनाच्या साधारण 8-9 टक्के पाणी टिकतं. 85 टक्क्यांना ते 17-18 वर जातं. 381 मिलिमीटर रुंदीची स्प्रूसची फळी मोकळी पडून राहिली तर या फरकानं रुंदीत जवळपास 5 मिलिमीटर वाढते. गिटारमध्ये ती चारी बाजूंनी चिकटवलेली, मग वाढ जाणार कुठे? वर. फळी फुगीर होते, ब्रिज (फळीवरची, सॅडल धरणारी पट्टी) उचलला जातो, तारा उंच होतात. हे सोसण्यासारखं आहे, कारण ऑक्टोबर सरला की फळी पुन्हा बसते. उलट प्रकार घातक. दमट हवेत फुगलेल्या फळ्या जोडून पेटी बंद केली आणि गिटार मार्च महिन्यात पुण्याला नेली, तर आकसायला जागाच नसते. फळी मधोमध किंवा ब्रिजच्या खालून उभी तडकते. म्हणून कारखान्यात आर्द्रतामापक दिसत नसेल तर मागणी नोंदवू नये.

पेटी बंद करण्याआधी आतून पाहिली ती जानेवारीच्या मध्यावर. वरची फळी उलटी ठेवली होती, आतल्या बाजूला स्प्रूसच्या पट्ट्या इंग्रजी एक्सच्या आकारात, दोन्ही टोकांना निमुळत्या तासलेल्या. ही फळी अगदी सपाट नसते. 25 ते 28 फूट त्रिज्येचा हलका बाक तिला मुद्दाम दिलेला असतो, म्हणजे थोडं फुगणं-बसणं ती पेलू शकते. मेस्त एक एक पट्टी बोटानं ठोकत, दोन हातांनी फळी किंचित वाकवून बघत पटाशीचा एखादा पापुद्रा काढी आणि परत ठोकी. स्प्रूस शेवटी 2.8 मिलिमीटरवर थांबलं, मागची शिसव 2.4, बाजू 2.1. आपण पाहायचं ते वेगळं: पट्ट्यांच्या कडेला गोंदाची सलग बारीक रेघ दिसते का (तुटक असेल तिथे पट्टी सुटणार), मागच्या फळीच्या मध्यसांध्यावर आडवी पट्टी आहे का, आणि ब्रिजच्या बरोबर खाली कडक लाकडाची चकती बसवली आहे का. पेटी बंद झाल्यावर यातलं काहीही पाहायला आरसा आणि दिवा लागतो.

मान आणि फ्रेटचं काम लवकर उरकलं. फ्रेटच्या खाचा 645 ला 17.817 नं भागून पहिली, मग उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं, अशा पाडतात; पहिली 36.2 मिलिमीटरवर आणि बारावी बरोबर निम्म्यावर येते. फ्रेटची तार निकेल सिल्व्हरची की पोलादाची, हा प्रश्न किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी विचारावा. खारट हवेत निकेल सिल्व्हर काळवंडतं. पुसत राहिलं तर चालतं. समुद्राला लागून राहणाऱ्याला मी पोलादी फ्रेटच सांगेन. मी फोंड्याला, समुद्रापासून आत, म्हणून निकेल सिल्व्हरवर भागवलं.

पॉलिश फेब्रुवारी-मार्चात. हा महिना चुकला तर दोनच पर्याय: यंत्रानं कोरडी केलेली खोली, नाहीतर पुढचा हिवाळा. नायट्रोसेल्युलोज लॅकर दमट हवेत फवारलं तर थर सुकताना हवेतलं पाणी त्यात अडकतं आणि पांढुरकी झाक येते. लाखेचं फ्रेंच पॉलिश आवाजाला सर्वांत हलकं असतं, पण घामानं मऊ पडतं. तळहात पाहून मेस्तानं ते बाद केलं होतं. पेटीला पातळ लॅकर, मानेच्या पाठीला बिनचमकीचा थर, म्हणजे घामानं अंगठा चिकटत नाही. शेवटच्या थरानंतर महिनाभर गिटार नुसती टांगून ठेवली जाते. या महिन्यात घाई करू नये, फोनही करू नये. लॅकर आत कडक व्हायच्या आधी घासलं तर पुढे सुरकुततं.

मेच्या मध्यावर गिटार हातात आली. घेताना घाई न करता करायच्या तपासण्या अशा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, हळू आणि मग जोरात वाजवायची. एकाच जागी खरखर आली तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहायचे. दाबलेला चढा असेल तर सॅडलची कड मागे सरकवायला हवी. मग कापो पहिल्यावर, सहावी तार चौदाव्यावर दाबून सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांमधली फट मोजायची. त्यासाठी गॅरेजवाले वापरतात ते फीलर गेज, दीडशे रुपयांत मिळतं. 0.15 ते 0.2 मिलिमीटर हवी. माझ्या गिटारची नोंद: फट 0.2, बाराव्या फ्रेटवर सहावी तार 2.3, पहिली 1.8. ही मापं तारखेसकट केसच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवली. पावसाळ्यात सगळा हिशेब याच कागदावर होतो. ट्रस रॉडची चावी मागून घ्यायला विसरू नये.

तारा फॉस्फर ब्राँझच्या, जाडी .012 ते .053 इंच. सुरात लावल्यावर सहा तारांचा मिळून ताण 73 किलोच्या आसपास जातो. नवी गिटार पहिले काही आठवडे याच ताणाखाली जागेवर बसते, म्हणून या काळात तारा उतरवून ठेवू नयेत आणि रोज वाजवावी. सुरात लावताना तार नेहमी खालून वर चढवत आणायची. चढी असेल तर आधी उतरवून परत वर. खुंटीच्या दातांतली ढील त्यानं निघून जाते. पेटीबरोबर बसायचं तर ट्यूनरच्या 440 वर विसंबू नये. पेटीची पांढरी सहा धरून ट्यूनरवर आकडा बघायचा, जुन्या पेट्या दोन-चार हर्ट्झ इकडे-तिकडे असतात, आणि तोच आकडा ट्यूनरमध्ये लावून मग तारा जुळवायच्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला आणि गिटार बदलायला लागली. आधी आवाज: चमक कमी, शेपूट आखूड. मग बोटं: वरच्या फ्रेटवर तार जड. जुलैअखेर मोजलं तेव्हा सहावी तार 2.9, पहिली 2.3. मानेची फट मात्र होती तशीच, 0.2 च्या आतबाहेर. हे आकडे एकत्र वाचायला हवेत. तारा उंच झाल्या की बहुतेक जण ट्रस रॉड आवळतात. त्यानं मान सरळ होते, पहिल्या पाच फ्रेटवर खरखर सुरू होते आणि वरची उंची जवळपास तशीच राहते, कारण दोष मानेत नसतोच. ब्रिजच्या मागे फळीवर आडवी पोलादी पट्टी ठेवून पाहिली तर दोन्ही टोकांना फट वाढलेली दिसते. फळी फुगली आहे, मान जागेवर आहे. अशा वेळी रॉडला हात लावायचा नाही.

उपाय सॅडलमध्ये. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल एक मिलिमीटर कमी लागतं. मूळ हाड घासलं तर हिवाळ्यात फळी बसल्यावर तारा फ्रेटला टेकतील. म्हणून दुसरं, एक मिलिमीटर बुटकं हाड ऑगस्टात करून घेतलं, खर्च 1,500. ते घातल्यावर सहावी 2.4, पहिली 1.8. जुनं हाड पाकिटात, वर “ऑक्टोबर ते मे” असं लिहून केसमध्ये. दोन हाडं ठेवायची असतील तर मायक्रोफोनची पट्टी सॅडलखाली घालू नये. प्रत्येक वेळी हाड बदललं की तारांचा आवाज असमान येतो. ब्रिजच्या खालच्या चकतीवर आतून चिकटवायचा पिकअप घ्यावा.

घरात ठेवण्याबद्दल इथे बरेच गैरसमज आहेत. गिटार केसमध्ये घालून चार महिने कपाटात ठेवणं सगळ्यांत वाईट. केसचं अस्तर ओल धरतं, बुरशी येते, ती फळीवर उतरते. 49 टक्के आर्द्रता राखणारी, ओल देणारी आणि घेणारी दुहेरी पाकिटं कोरड्या प्रदेशात छान चालतात, आपल्याकडे जुलैत ती लवकरच भरून जातात. सिलिका जेल स्वस्त पडतं: केशरी रंगाचं घ्यावं, निळ्यात कोबाल्ट असतं. अर्धा किलो दोन कापडी पिशव्यांत, एक मानेखाली, एक पेटीच्या बाजूला, गिटारला न टेकता. रंग हिरवट झाला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास भाजून गार करून परत. कपाटात 15 वॉटचा दिवा लावायची जुनी युक्तीही खोटी नाही. 27 अंशांची 90 टक्के आर्द्रतेची हवा 32 अंशांपर्यंत तापली की आर्द्रता 67-68 टक्क्यांवर येते. पण दिव्यापासून गिटार हातभर लांब हवी. परवडत असेल तर खोलीसाठी आर्द्रता शोषणारं यंत्र, दार-खिडक्या बंद करून. मी 55 टक्क्यांवर ठेवतो. 45 पर्यंत ओढायच्या नादात वीजबिल दुप्पट होतं आणि बैठकीला बाहेर काढली की लाकडाला धक्काही मोठा बसतो.

कुठलाही उपाय करण्याआधी आर्द्रतामापक तपासावा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, ओलसर गोळा होईल इतकंच पाणी, आणि दोन्ही एका घट्ट पिशवीत रात्रभर. सकाळी काटा 75 दाखवायला हवा. जितका फरक, तितका पुढे वजा-अधिक करायचा. बाजारात मिळणारे स्वस्त मापक सहज पाच-सात टक्के खोटं बोलतात.

पावसातल्या रोजच्या सवयी साध्या आहेत, पण त्या मोडल्या की गिटार लगेच दाखवते. वाजवण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे. वाजवून झाल्यावर सुती फडकं तारेखालून घालून प्रत्येक तार नटपासून सॅडलपर्यंत ओढून पुसायची. गंज खालच्या बाजूनं सुरू होतो. साध्या तारा पावसात फार दिवस साथ देत नाहीत, म्हणून जून ते सप्टेंबर मी आवरण असलेल्या तारा लावतो, त्याही .011 च्या, म्हणजे फुगलेल्या फळीवरचा ताण थोडा उतरतो. कापो वाजवून झालं की काढायचा. देवळाच्या अंगणात किंवा बागेत कार्यक्रम असेल तर डास घालवायचं मलम हाताला चोळून गिटार धरू नये. त्यात डीट हे रसायन असेल तर लॅकर विरघळतं आणि कोपराखाली कायमचा डाग पडतो. केस जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवू नये, वाळवी तिथूनच चढते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत गिटार कधीच सोडू नये. आतलं तापमान ब्रिजचा गोंद मऊ करण्याइतकं चढतं.

ऑक्टोबरअखेर, हवा मोकळी झाल्यावर, करारातली जुळणी झाली. उन्हाळी हाड परत, तारा .012. बोटपट्टीच्या कडेला फ्रेटची टोकं बोटाला किंचित लागत होती. लाकूड आकसलं की असं होतं, मेस्तानं ती कानसीनं गोल केली. फळी मेमधल्या मापाच्या 0.1 मिलिमीटर वरच राहिली आणि ते अपेक्षितच होतं. आवाज मात्र मेपेक्षा मोकळा लागला, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या तारेचा मधला पट्टा.

फेब्रुवारी 2025 मध्ये गिटार पुण्याला गेली. इथे नियम उलटा होतो: सिलिका जेल केसमधून बाहेर, ओलावा देणारं पाकीट आत. पोचल्यावर केस लगेच उघडायची नाही, खोलीच्या हवेला दोन-तीन तास येऊ द्यायचं.

त्यानंतर परदेशी न्यायची वेळ आली आणि बिलावरची ती सविस्तर नावं कामाला आली. भारतातून महागडी वस्तू नेऊन परत आणायची असेल तर निघतानाच विमानतळावरच्या सीमाशुल्क कक्षातून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावं, म्हणजे परतताना ती तिथे विकत घेतली असं समजून शुल्क लागत नाही. गिटार सामानात सोडण्याआधी हे करायचं, कारण अधिकारी वस्तू आणि अनुक्रमांक प्रत्यक्ष पाहतो. आपला अनुक्रमांक पेटीच्या आत चिठ्ठीवर असतो, तो ध्वनिछिद्रातून वाचता येण्यासाठी छोटी बॅटरी जवळ ठेवावी. पासपोर्ट, तिकीट, मूळ बिल, त्याची प्रत आणि गिटारचे समोरून-मागून छापील फोटो लागतात. नेहमीपेक्षा तासभर आधी पोचावं. गिटार केबिनच्या मापात बसत नाही, तेव्हा विमान कंपनीला आधी लेखी विचारून उत्तराची प्रत छापून न्यावी. तोंडी होकार काउंटरवर चालत नाही. सामानात सोडावी लागली तर तारा एक सूर उतरवून, मान आणि केस यांमधली पोकळी कापडानं भरून. परतताना प्रमाणपत्राची मूळ प्रत हातात हवी, केसमध्ये नाही. केस पट्ट्यावरून यायला वेळ लागतो आणि कागद आधी मागितला जातो.